आबांचा युनिफॉर्म

निघोज्याच्या थांब्यावर बसच्या रांगेत भागूबाईंच्या पुढंच दोन पोरं बोलत होती. भागूबाईंनी मान फिरवली, पण कान काही फिरेनात.

“पिक्चरात काय झालास, बंटी?”

“मढं. व्हिडिओ गेमवरनं काढलाय. परग्रहावरचा किडा कंपनीत शिरतो, मग मेलेले कामगार उठून शिफ्टला येतात.”

“कपडे पिक्चरवाल्यांनी दिले?”

“कसले, राव! बजेटच न्हाई. म्हणाले, घरनंच कुणाचा तरी कंपनीचा युनिफॉर्म आणा. मी आबांचा नेला. खिशावर त्यांचं नाव बघून खूश झाले, मग वरनं लाल रंग ओतला.”

“अरे, आबा गेल्यापासून तुझ्या आईनं तो धुतला न्हाई ना?”

“वास जाईल म्हणती.”

“तिला माहितीय?”

“न्हाई. उद्या थेटरात येतीय. अख्ख्या आळीला सांगितलंय, माझा पोरगा दिसणार म्हणून.”

भागूबाईंना राहवेना. “ए शहाण्या, आजच सांग तिला. पडद्यावर नवऱ्याचं नाव वाचल्यावर काय हुईल तिचं?”

“आजी, तिला वाचता येत न्हाई.”

“मलाबी येत न्हाई. पर आमच्या मालकांचं नाव मी कुठंबी वळखते.”

बस आली. बंटी रांगेतून बाहेर पडला आणि घराच्या वाटेला लागला.