व्हाळावरचा 'व्हय म्हाराजा'

सरका रे जरा, पाय पोटाशी घ्या, खळ्यात गारवा उतरलाय. आणि सिद्धेश, तो मोबाइल ठेव खाली. मघाशी भिंतीपलीकडून ऐकलं मी. उद्या कुडवळच्या जत्रेला व्हाळाच्या, त्या ओढ्याच्या, वाटेने जायचा बेत चाललाय तुमचा. कान लावून नव्हते हं ऐकत! तुळशीला पाणी घालत होते. आणि तेही अंधार पडल्यावर? अंधारात त्या वाटेने जायचं नसतं. तू गोष्ट ऐक.

गोष्ट आपल्या सगुणाकाकीची. ही काय, बसलीय विडा चघळत. कुडवळ तिचं माहेर. तिथलं सातेरीचं देऊळ तुम्ही पाहिलंय. चिऱ्याच्या भिंती, तेल पिऊन काळे झालेले खांब, समोर दीपमाळ. किती राजे आले नि गेले, देवळातला दिवा काही विझला नाही. तिथली रीत अशी, की जत्रेच्या रात्री माहेरवाशिणींनी ओटी भरायची, पण पालखी उठायच्या आधी. पालखी एकदा दाराबाहेर पडली की ओट्या बंद. मग पुढच्या वर्षी.

त्या साली पावसात सगुणाची तान्ही लेक तापाने फणफणली. डॉक्टर झाले, पाला झाला, काही उतार पडेना. तेव्हा हिने नवस बोलला, "माउली, पोर हसून खेळून राहिली तर याच जत्रेला माझ्या हाताने तुझी ओटी भरीन." पोर उठली. आता नवस चुकवायचा म्हणजे काय, समजा तुम्हीच.

आणि नेमकी जत्रेच्या दिवशी सासूला तांदूळ निवडून हवे होते! दोन सुपं! (असू दे गो सगुणा, गेली ती आता. पण मी शेजारीण, मला सगळं दिसत होतं.) शेवटची एसटी गेली. पोर सासूकडे ठेवली, ओटीचं ताट पदराखाली घेतलं, आणि निघाली एकटी. व्हाळाच्या वाटेने!

आता त्या वाटेवर कोण? पुनाजी. कुडवळचाच माणूस. देवळात गावकर गाऱ्हाणं घालतो ना, आणि प्रत्येक मागण्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, त्यात पुनाजीचा आवाज सगळ्यांच्या वर. भिंतीवरची पाल खाली पडायची! एका वर्षी अवकाळी पावसात जत्रेला येताना व्हाळाच्या पुरात गेला बिचारा. जत्रा चुकली ती चुकलीच. तेव्हापासून त्याचा हट्ट, मी पोचलो नाही तर कुणीच पोचायचं नाही.

तर सगुणा व्हाळाशी आली. पलीकडे कंदील.

"जत्रेक चललंस गो?"

"होय. तुमी?"

"मीय थंयच. पण पोचाक मिळणा नाय गो."

हिला बरं वाटलं, सोबत मिळाली. कंदील पुढे, ही मागे. व्हाळ ओलांडला. वाकडं जांभळाचं झाड लागलं. चालली, चालली, तर पुन्हा व्हाळ! पुन्हा तेच जांभूळ! हिला वाटलं, वाट चुकले. पुन्हा ओलांडला. चालली. पुन्हा जांभूळ! आता हिने नीट बघितलं. हिच्या पायाशी पाणी डुबुक डुबुक वाजत होतं. कंदीलवाला पाण्यातूनच चालला होता, आणि आवाज? काही नाही!

तेवढ्यात ढोल वाजला. समोर दीपमाळ! सगळे दिवे लागलेले! धावली ही. आणि एकेक दिवा विझायला लागला. फू. फू. फू. शेवटचा विझला तेव्हा ही कमरेइतक्या डोहात उभी!

"गळ्याइतक्या," सगुणाकाकी म्हणते. बरं बाई, गळ्याइतक्या. पण ताट? ताट डोक्यावर! ओटीला पाणी लागू दिलं नाही हिने.

कंदील कानाशी आला. "ओटी माका दी, नायतर आणखी एक पाऊल टाक."

पुढे खोल. मागे तो. लांबून खऱ्या देवळाचा ढोल ऐकू येत होता, पालखीला खांदा देताना वाजतो तो. आता काय करायचं? राम राम म्हणायचं? ही म्हणाली नाही. आवाजावरून हिने ओळखलं, हा पुनाजी! मग हिने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात घातलं गाऱ्हाणं. बायका घालत नाहीत, पण तिथे अडवायला होतं कोण?

"बा देवा म्हाराजा, आई सातेरी माउली! आज तुजी जत्रा आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुनाजी ओरडला. सवय! मेला तरी सवय जात नाही.

"तुजी माहेरवाशीण वाटेत अडाकली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तिच्या वाटेत उभो आसा, तेनाच तिका देवळाच्या पायरीपर्यंत सुखरूप पोचवची रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. देवीसमोर शब्द दिलेला, आता मोडतो कसा?

"शिरा पडो गो तुज्या तोंडार!" पुनाजी म्हणाला. "चल."

पोचवलंन, बरं का! धापा टाकत ही पायरीवर, पालखी भोयांच्या खांद्यावर, त्यांचा एक पाय दाराबाहेर. "थांबा!" ही ओरडली. ओटी भरली, आणि मगच पालखी हलली. पायरीखालून हळूच आवाज आला, "खाजा तरी आणून दी गो." हिने जत्रेतलं ते गुळाचं गोड खाजं आणून दिलं. दरवर्षी देते. तिची ती लेक आता मुंबईत नर्स आहे, देखणी आहे, लग्नाचं बघतोय आम्ही.

पण सगुणाला गाऱ्हाणं येत होतं. तुम्हाला काय येतं? म्हणून उठा सगळे, हात जोडा. कुडवळकडे तोंड करा.

बा देवा म्हाराजा, आई सातेरी माउली! ही आमची पोरां उद्या जत्रेक येतली रे म्हाराजा! व्हाळाच्या वाटेन पाऊल टाकूची नाय, डांबरी रस्त्यानच जातली रे म्हाराजा!

...हां! म्हणालात 'व्हय म्हाराजा'! सिद्धेश, सगळ्यांत मोठ्याने तूच. आता पुनाजीला मोडता आला नाही तो शब्द तू मोडणार आहेस होय?

आणि येताना शेजारणीसाठी आल्याचं खाजं आणतली रे म्हाराजा!

काय रे? आता का गप्प?