चौकट कधी मोजतात का?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे नवे-जुने अधिकारी, आजचे सत्कारमूर्ती पाटी-निरीक्षक साहेब, आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी साधा पेंटर. इथल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. म्हणून आयोजक म्हणाले, 'साहेबांबद्दल दोन चांगले शब्द बोला.' शोधतोय. सापडले की सांगतो.

साहेबांचा अभ्यास दांडगा, हे मान्य. दोन चौरस फुटांपर्यंतच्या पाटीला परवाना लागत नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ. माझी थोरली बहीण, ती बघा तिसऱ्या रांगेत, घरी कपडे शिवायची. तिच्या दारावर मी पाटी लावली. दोन फूट बाय एक फूट, अगदी मापात. साहेब आले, टेप काढली आणि लाकडी चौकटीसकट मोजली. 'जास्त भरते. उतरवा.' चौकट काढली, तर वरची साखळी मोजली! परवाना मागायला गेलो, तर घरांच्या गल्लीत तो मिळतच नाही. आता सांगा, बाईनं करावं काय? नवं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जायचं. सहा वर्षं झाली, तायडी दुसऱ्याच्या दुकानात काज-बटण करतेय. आणि या माझ्या पाठीमागच्या बारा फुटी फलकाला परवाना कुणी दिला, हे कृपा करून विचारू नका. रंगवलाय मीच.

असो. गेल्या आठवड्यात साहेब माझ्याकडे आले. निवृत्तीनंतर घरी बसून 'परवाना सल्लागार' होणार म्हणे. पाटी हवी दोन बाय एक, जाड सागवानी चौकट, वर साखळी. मी भीत भीत विचारलं, 'साहेब, परवाना?' तर हसले. 'वेडा की काय तू? चौकट आणि साखळी कधी मोजतात का? अक्षरांची फळी तेवढी मोजायची, असं नियमातच आहे.'

अहो, त्यांना तायडीची पाटी आठवतही नव्हती! याची मला जास्त चीड आली.

तर ही साहेबांची पाटी, टेबलावर ठेवतो. आणि ही तायडीची, जुनीच, चौकट पुन्हा ठोकून आणलीय. माप तेच. नव्या निरीक्षक बाई इथेच आहेत, त्यांनी आत्ता सगळ्यांदेखत दोन्ही मोजाव्यात. नाही मोजल्या, तरी उद्या सकाळी मी तायडीची पाटी तिच्या दारावर लावणार आहे.

बोलू दिलंत, आभारी आहे. काही कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला, साहेबांच्या टेपनं तेवढं मोजू नका.

तायडे, ये वर. धर तुझी पाटी.