दोन ट्यूबा, एक वाटी

हॅलो?… हॅलो, कोण?… अगो श्रद्धा, तू होय. चष्मा नाही डोळ्यावर, नाव दिसलं नाही. थांब, मिक्सर बंद करते… हां, बोल. आज कसा फोन? तुझा वार गुरुवार ना?

हात ना? छान आहेत की. दोन्ही छान. सुपारी सोलून सोलून भेगा पडल्या होत्या, बोटं सुजून मिटत नव्हती, त्याचा आता मागमूस नाही. काल मोदकसुद्धा वळले… अगो, मी चांगलं सांगतेय आणि तुझा आवाज असा का?

रडतेयस?… नाही कशी, नाक वाजतंय तुझं. जेवलीस का आधी?… बरं, बरं, नंतर जेव. काय झालं ते सांग.

हो… हो… तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांच्या खोलीबाहेर उभी आहेस, कळलं… काय सांगायचंय त्यांना?… औषध नापास? कोणाचं, तुझं? अगो, इथे आळीतल्या सगळ्याजणींचे हात…

ऐकते, ऐकते. तू बोल… हो, ते माहितीय मला. हिरव्या टोपणाची ट्यूब डाव्या हाताला, पांढऱ्या टोपणाची उजव्या. एकीत नुसता दगडीपाल्याचा अर्क, दुसरीत तोच अर्क त्या तुझ्या नॅनो कणांत भरलेला. कुठल्या टोपणात काय, ते आम्हाला कळू द्यायचं नाही… पाठ आहे गो सगळं. तूच नाही का मोदकाचं सांगितलंस, सारण आत नि पारी बाहेर, पण इतका बारीक की साध्या भिंगातून दिसायचा नाही, आणि जखमेच्या आत उतरल्यावर मग हळूहळू सुटतो.

मग?… दोन्ही हात सारखेच बरे झाले. हो, झालेच. मग चांगलंच ना?… नाही?… म्हणजे कणांत भरलं काय नि न भरलं काय, फरक नाही, असं निघालं… सगळ्यांचंच? आवडाबाईचं, रंगूचंही?… आणि म्हणून सर हे काम बंद करणार. तुझं इतक्या वर्षांचं काम…

आहे, आहे मी. ऐकतेय.

श्रद्धा, तू आत नको जाऊस… नको म्हणते ना. अगो ऐक ना. एक विचारू? समजा, समजा हं, एखादीने दोन्ही ट्यूबा एकत्र केल्या, तर?… एकत्र म्हणजे… वाटीत. कालवून.

हो. मीच. रोज… आणि मग दोन्ही हातांना.

अगो, मला करवेना. एका हाताला भारी औषध नि दुसऱ्याला साधं, हा पंक्तिप्रपंच कसा करायचा? सुपारी काय एकच हात सोलतो? आमच्याकडे वरणसुद्धा तळापासून ढवळून वाढतात, कोणाच्या पानात नुसतं पाणी जाऊ नये म्हणून. तसंच केलं… हो, तू विचारायचीस, दोन्ही ट्यूबा लावता ना? मी हो म्हणायचे. खोटं कुठे होतं?

नाही… एकटीनं नाही. तेच सांगतेय. मी आवडाबाईला सांगितलं, तिने रंगूला… संध्याकाळी सगळ्या आमच्या ओटीवरच बसतात ना. सगळ्यांच्या ट्यूबा त्यात, आणि एकच वाटी फिरायची.

श्रद्धा?… रागाव हवं तर… हसतेयस का रडतेयस?… दोन्ही. बरं.

हे बघ, औषध नापास नाही झालं तुझं. त्याची परीक्षाच झाली नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून कॉपी केली. आता हे तू नको सांगूस सरांना. म्हणतील, तूच नीट समजावलं नाहीस. दे फोन त्यांच्याकडे… घाबरतेस कशाला, खाणार आहेत का मला? वाजव दार… वाजवलंस?

नमस्कार. मी गोदू लिमये, दिवेआगरहून… हो, त्या सुपारी सोलणाऱ्या बायकांतली… दोन्ही ट्यूबा आम्हीच एकत्र कालवल्या. वाटीत… नाही, नाही, तिने अगदी बजावलं होतं. ऐकलं नाही ते आम्ही. आमचे आकडे द्या टाकून, पण त्यापायी तिचं काम नका बंद करू.

पुन्हा?… करू की. पण आत्ता जखमा कुठून आणू, सगळ्यांचे हात बरे झालेत… हो, हो, पुढच्या हंगामात होतील. वादळात जुन्या बागा पडल्या, त्यानंतर लावलेल्या पोफळी यंदा सुपारीला धरल्यात, सोलायला पुष्कळ येणार… बाकीच्यांची हमी माझी. माझ्या शब्दाबाहेर नाहीत त्या.

माझी स्वतःची?…

कळतंय मला. कदाचित एका हाताला गुण कमी येईल. तो सुजेल, ठणकेल, आणि दुसरी ट्यूब समोर फळीवर दिसत असेल. तरी हात लावायचा नाही.

सर, मला मूलबाळ नाही. ही पोर फोन करते हातांचं विचारायला. ते दोन मिनिटांत होतं. मग विचारते, जेवलात का, झोप लागली का, गुडघ्याचं काय म्हणतंय. ते तुमच्या कामात नसेल, नाही का?… मला वाटलंच.

ठणकू दे एक हात. कोणता, ते मात्र मला सांगू नका. ठेवते.