आग्नेय कोपऱ्यातला नळ

माहा जन्म अकोल्याचा. बाप कापसाच्या जिनात बंबाखाली लाकडं टाके अन् मी त्याच जिनात वाफेचे नळ जोडू लागलो. काय सांगू तुमाले, पोळू पोळू हे तळहात असे झाले, का आता इस्तो ठेवला तरी समजत नाही. मनाचंही तसंच झालं म्हना.

तर अमरावतीचे एक वकीलसायेब होते. त्यायची पोरगी शांता, परकर नेसनारी, छातीच्या दुखन्यानं खंगून राहिली होती. डाक्तर म्हने चिखलदऱ्याच्या हवेत ठेवा, म्हनून सायबानं तिथं नवं घर बांधलं. पन थंडी अशी का फरशीवर पाय टेकवत नाही, अन् शेगडी पेटवली का धुरानं पोरीले उबळ ये. मंग सायबानं कुठं तरी वाचलं, विलायतेत म्हने फरशीखालून ऊन पान्याचे नळ फिरवतात, धूर बाहेरच्या बाहेर. मले बोलावनं आलं. गेलो.

बंब कुठं बसवाचा ते थोरल्या बाईनं सांगितलं, सायबाच्या आईनं. अग्नी आग्नेयेलेच पाह्यजे म्हने. तर त्या कोपऱ्याबाहेर, उतारावर बंब बसवला अन् नळ भितीतून तिथूनच आत घेतला. जोडाजोडाले चुना फासला, पानी दाबून भरलं, रातभर तसंच ठेवलं, कारन पाझर असला तर चुन्यावर वल दिसते. सकाळी पायतो तं सारा चुना कोरडा. मंग गवंड्यानं वरून फरशी टाकली. मी जाळ केला. शांता खाटेवरून उतरली, अनवानी उभी राहिली, हासली, मले म्हने काका, ही अशीच राहीन ना? मी म्हनलो राहीन बाई.

मंग वास्तुशांत निघाली. आमच्यासारख्याले पूजेत काय काम, मी बाहेर बंबापाशी होतो. आतून सब्बलीचा, लोखंडी पहारीचा, आवाज आला. मले वाटलं खुंटी ठोकून राहिले असतीन. तं बाप्पा, वास्तुपुरुष बसवाले खड्डा खंदून राहिले होते, अन् तो बसवतात आग्नेय कोपऱ्यातच. कोनाच्याच ध्यानात आलं नाही, ना सायबाच्या, ना भटजीच्या, मले तर ती रीतच ठाऊक नव्हती. सब्बल नळात गेली. पानी वर आलं. मुहूर्त टळून राहिला म्हनून फडक्यानं पुसलं, वास्तु ठेवला, खड्डा बुजवला. मी जाळ इझवला.

सायेबाले म्हनलो, एक सकाळ द्या, कोपरा उघडतो, तुकडा बदलतो. थोरल्या बाई आडव्या आल्या. बसवलेला वास्तु उकरायचा नाही, पोर आजारी आहे अन् तुम्ही घराचा देव हलवता? सायेब आईकडे पाहे, पोरीकडे पाहे. मंग दुसऱ्या भितीतून नळ घ्याचं ठरलं. तेवढा लांब नळ जवळ नव्हता, अकोल्याहून आनाचा होता, घाटातून बैलगाडीनं. त्यातच थंडी पडली. शांता रोज इचारे, काका, आला का नळ? मी म्हनो, येऊन राहिला.

नळ आला. ती त्याच्या आधल्या दिवशी गेली.

सायेब म्हने काम पुरं कर. काहून म्हने ते मी इचारलं नाही. जोडले, चुना फासला, पानी भरलं, सकाळी सारा कोरडा. फरशी टाकून झाल्यावर जाळ केला, मंग वहाना काढून आत गेलो, कारन मले पायानंच समजते. फरशी ऊन होती. त्या दिवशी मले कोनी अडवलं नाही. थोरल्या बाई तिथं खालीच बसून होत्या, दोन्ही हात फरशीवर. मले म्हने, अरे, हे तर चांगलं ऊन होते रे. मी म्हनलो, हो जी. रडू नाही, राग नाही, मले काहीच आलं नाही. हत्यारं बांधली अन् अकोल्याले आलो.

आता कोनी इचारलं का ते काम कसं झालं, तं सांगतो पक्कं झालं, आजही गळत नसन. घर मंग सायबानं इकलं म्हनतात. तिथं कोन रायते मले माहीत नाही. जो कोनी रायत असन, त्याचे पाय ऊन रायोत, बस.