कोरा वाचक

—नाही, फोन येणारच नाहीत तुमच्या कंपनीला, उर्वी मॅडम, लिहून घ्या! चिंतामणी आगाशेची पुस्तिका वाचून आजवर एका माणसानं "आता पुढे काय दाबू" म्हणून विचारलेलं नाही. खेडच्या खतवाल्याचं सॉफ्टवेअर घ्या, इथल्या मांडवीतल्या बोटवाल्यांचं घ्या — सगळ्या पुस्तिका ह्या हातच्या. गुपित? गुपितबिपित काही नाही हो. वाचक कोरा लागतो. त्याच्या हातात पुस्तिका द्यायची, समोर टॅब ठेवायचा, आणि आपण तोंडाला कुलूप लावायचं — तो अडला तरी सांगायचं नाही, नुसती त्या ओळीपाशी फुली मारायची. पण गोम अशी, की माणसानं एकदा वाचलं की तो बाद! शेजारचा मुसाभाई, बोटीच्या इंजिनाखेरीज कशाला हात न लावलेला — दुसऱ्या खेपेला बटणं पाठ म्हणायला लागला. काय उपयोग त्याचा? दर वेळी नवा मठ्ठ आणायचा कुठून? रत्नागिरीत मठ्ठ थोडे नाहीत, पण कबूल कोण होतो?

चहा घ्या की. अगो मालिनी, चहा आण! — दोनदा सांगावं लागतं — आली बघा, पाण्याचा तांब्या घेऊन. बघितलंत? हा माझा वाचक. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंन हिनं, वाटतं का खरं? सकाळी पुस्तिका वाचते, दुपारी पुन्हा विचारते, हे कसलं पुस्तक? रोज कोरी! पुण्याच्या ऑफिसात पगार देऊनसुद्धा असला वाचक मिळायचा नाही तुम्हाला. कधीपासून? झालं असेल दीड वर्ष. आधी मी चिडायचो, फुल्या मारून वही भरली, मग ध्यानात आलं — खोट माझ्या ओळीत नाही, हिच्यात आहे. म्हटलं, असू दे की! ... डॉक्टर? तुम्हीही आमच्या सलिलसारख्याच. मुलगा हो, मुंबईला असतो, दर रविवारी एकच पालुपद — बाबा, आईला इकडे आणा, दाखवू, गोळ्यांनी फरक पडतो. मी सांगून टाकलंय, आई ठणठणीत आहे. आणि पडला फरक, तर मी काय करू? अजून दोन पुस्तिका व्हायच्यात.

ऐकेल तर ऐकेल, तिला काय लागतं बोलणं. थांबा, तुमचीच पुस्तिका दाखवतो लावून, इस्पितळात नंबर लावायची. बस गो. वाच. आता मॅडम, तुम्ही चकार शब्द काढायचा नाही. — निळ्या चौकोनावर बोट, बरोब्बर. नाव... थांबली. थांबू दे. स्वतःचं नाव आठवत नाही बाईसाहेबांना! हं, लिहिलंन. वय — माझं टाकलंन, चालतं. "तुम्हाला काय त्रास होतो ते चौकटीत लिहा" — इथे भलेभले अडतात, आणि हिचं बोट बघा कसं सरसर चाललंय! दाबलंन. "आपला नंबर लागला. बुधवार, सकाळी साडेदहा." एक फुली नाही! वाजवा की टाळ्या.

अशा काय बघताय? काय लिहिलंन? द्या इकडे. चष्मा कुठे — हं. "मला काही आठवेनासं झालंय. फार भीती वाटते. ह्यांना सांगू नका."

...ह्यांना. म्हणजे मला.

खरी नोंद म्हणजे? चाचणीचं आहे म्हणालात ना? कालपासून सुरू झालं, मग आधी बोलायला काय झालं होतं? आणि बुधवारी गेलं नाही तर इस्पितळातून फोन येणार — हिला? अहो, मग खोडायलाच हवं. नको, तुम्ही हात लावू नका, मीच खोडतो, रद्द करायची पायरी मीच लिहिलीय, पान नऊ. हात काढ गो! काढ म्हणतो ना! ...गेली नोंद. रडायला काय झालं एवढं? तिचं सोडा हो, दहा मिनिटांत विसरेल. तुम्ही मात्र विसरणार नाही, दिसतंय मला. सलिलचा फोन नंबर? तुम्हाला कशाला हवा? घरातल्या गोष्टीत नाक खुपसायला कंपनी पगार देते का तुम्हाला? निघा. पुस्तिका शुक्रवारी पोचेल. आणि ती त्रासाची चौकट काढून टाका तुमच्या सायबांना सांगून, लोकांना नको तेवढी मोकळीक होते. दार ओढून घ्या जाताना.

हं. पूस डोळे. का रडत होतीस? नाही ना आठवत? मग झालं तर. बस नीट. पान पहिलं.