पुतळाबाईचा मुलूख

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष थेरेसा मॅडम, व्यासपीठावरच्या प्राण्यांच्या डॉक्टर ॲनिशा, सत्कारमूर्ती जगन्नाथराव आणि एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

पुतळाबाईचा मुलूख रंगावरून सांगता येणार नाही, हे डॉ. ॲनिशांनी आज सकाळी नक्की केलं.

पाहुण्यांसाठी सांगतो. पुतळाबाई ही जगन्नाथरावांकडची अमेरिकन गार्टर सापाची मादी. तासन्‌तास हलत नाही, म्हणून हे नाव. सोसायटी सोडून गेलेल्या एका भाडेकरूने ती रीतसर त्यांच्याकडे सोपवली. त्यांच्या पत्नी सावित्रीवहिनी वारल्यावर त्या घरात दुसरं होतं तरी कोण? दाराशी गेलं की आतून बोलणं ऐकू यायचं. बेल वाजवली की थांबायचं.

आता ते लेकीकडे पुण्याला निघालेत. जावयांनी सांगितलं, "बाबा, तुम्ही या. साप नको." एका प्राणी केंद्रात अशीच एक मादी आहे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडची. दोघींचा मुलूख एक निघाला तर एकत्र ठेवू, असं केंद्राने कळवलं. तिकडच्या सापांच्या अंगावर तांबडं असतं. जगन्नाथरावांनी फोटो काढला, तर सगळं अंग तांबडं! आम्ही पेढेसुद्धा वाटले.

मग डॉक्टर घरी आल्या.

"काका, फोटो कुठे काढलात?"

"तिच्या पेटीतच."

"तो लाल दिवा चालू ठेवून?"

उबेसाठी लावलेला दिवा तो! खिडकीपाशी आणल्यावर तांबडं कुठेच दिसेना. काळसर अंग, निळसर पट्टे.

"असा रंग फ्लोरिडाकडे दिसतो," डॉक्टर म्हणाल्या. "पण पाळलेल्यांत सरमिसळ फार. नुसत्या रंगावरून गाव ठरवता येत नाही."

"म्हणजे एकटीच राहणार?"

"वेगळ्या पेटीत. सापांना एकटं चालतं हो, काका."

"मलाही सगळे हेच सांगायचे," जगन्नाथराव म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

असो. हॉल आणि चहापाण्याची सोय करणाऱ्या सगळ्यांचे आभार. माणसाच्या निरोपात सापाबद्दलच जास्त बोललो, तेवढं पदरात घ्या.

शनिवारी जगन्नाथराव स्वतः तिला केंद्रात पोचवतील, रविवारी पुण्याला जातील. नव्या जागी साप काही दिवस तोंडाला काही लावत नाही. पुतळाबाईने पहिला मासा खाल्ला की केंद्रातून फोन येणार आहे. तोवर, मंडळी, एक विनंती. शुभेच्छा द्यायला त्यांना फोन करू नका. प्रत्येक रिंगला ते धावत येतील.