विसावा अर्ज

तीन अर्जांत थकला बे तू? बस, चहा घे, अन् आमच्या सोनाळ्याच्या गफूरचं ऐक.

तवा आपलं वऱ्हाड नागपूरच्या राज्याले जोडलेलं होतं. गफूर सातवी पास. तहसील कचेरीत चपराशी व्हायचं त्याच्या डोक्यात बसलं. दर महिन्याले सोताच्या हातानं अर्ज लिहून द्यायचा. एकोणीस दिले, जवाब एकाचाबी नाही. शेवटी बायकोनं सांगितलं, "आता नोकरी नाही लागली तर माह्या माहेरी शेतावर सालदारीले चाला."

विसावा अर्ज द्याले गेला तवा मी संगं होतो. तहसीलदारसाहेबांनी आमाले आतच बोलावलं. टेबलावर एकोणीसच्या एकोणीस अर्ज!

"हे सगळे तूच लिहिलेस?"

"हाव साहेब."

"इतक्या अर्जांत एक शब्दही बदलला नाहीस?"

"काऊन बदलू साहेब? मी तोच, नोकरीबी तीच."

साहेबांनी दोन अर्ज एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. ओळीवर ओळ बसली, अक्षरावर अक्षर.

"अरे, चपराशी कसला होतोस? कागदांच्या नकला करायला मला असाच हात हवा होता. उद्यापासून नक्कलनवीस म्हणून ये."

गफूर गडबडला. खिशातून नवा अर्ज काढून म्हणतो, "मंग साहेब, याचं काय करू?"

साहेबांनी तो पहिल्या अर्जावर ठेवून उजेडात धरला. दीड वर्सानंतरबी अक्षरावर अक्षर! अन् आईच्यान सांगतो, चपराशाची नोकरी मांगाले आलेल्या माणसासाठी तहसीलदार खुर्चीतून उठून उभे राह्यले.